गुटगुटीत रोपं

आमच्या प्रयोगशाळेत येणारा शेतकरी दारात चपला काढतो, काचेपलीकडच्या हजारो बाटल्यांकडे बघतो आणि हमखास विचारतो, "मॅडम, ह्या केळीला आई हाय का न्हाई?"

आहे. चांगल्या बागेतलं निरोगी, भरगच्च घड दिलेलं झाड आम्ही हेरतो. त्याच्या बुडाशी फुटलेला मुनवा काढून आणतो. कांदा सोलावा तसे त्याचे पापुद्रे काढत गेलं की शेवटी हरभऱ्याएवढा पांढरा कोंब उरतो. तो कोंब म्हणजे सुरुवात. त्याच्यापासून पुढे हजारभर रोपं होतात आणि सगळी त्या एका झाडाची.

"आन् बाप?" देगलूरकडच्या एका आजोबांनी विचारलं होतं.

"बाप लागत नाही, आजोबा."

ते शेजारच्या माणसाला तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. काय म्हणाले ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. रोपं मात्र घेऊन गेले.

मी लातूरला बायोटेक्नॉलॉजी शिकले. सगळं गाव डॉक्टर व्हायला निघालेलं असताना मी केळीची बाई झाले, असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. शिक्षण संपल्यावर नांदेडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या प्रयोगशाळेत लागले. त्याला दहा वर्षं झाली. एवढ्या काळात हजारो कोंब कापले, तरी एका गोष्टीचं नवल अजून ओसरलेलं नाही. बाटलीच्या तळाशी साखर, क्षार आणि आगर घालून केलेली जेली असते. तिच्यात एका प्रकारचं संप्रेरक चिमूटभर जास्त घातलं की कोंबाला कोंब फुटत राहतात. ते काढून दुसरं घातलं की त्याच कोंबाला मुळं येतात. कोंब तोच, त्याच्यातली जनुकंही तीच. पानाच्या पेशीत मूळ कसं करायचं याची माहिती असते आणि मुळाच्या पेशीत घड कसा करायचा याची. पण बाहेरून कसला निरोप येतो त्यावर त्यातली कुठली जनुकं कामाला लागायची आणि कुठली गप्प बसायची हे ठरतं. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. बाटलीत ते रोज नव्यानं होतं आणि मी रोज बघायला थांबते. उशीर झाला की सुशीलाताई ओरडतात, "मित्रे, बघत बसलीस का कापून राहिलीस?"

सुशीलाताई माझ्या गुरू. वीस वर्षं त्या हेच करतात. दहावीपर्यंत शिकल्यात, पण त्यांच्या हातची बाटली बुरशीनं खराब झालेली मी फारशी पाहिलेली नाही. बांगड्या काढायच्या, नखं कापायची, हात स्पिरिटनं पुसायचे, चिमटा ज्योतीवर धरायचा आणि मग कोंबांचा झुबका कापून त्याचे तुकडे नव्या बाटल्यांत लावायचे. दर महिन्याला हे करावं लागतं. एकदा कापून लावलं की एक फेरा झाला. आठ फेरे झाले की त्या कोंबाची सगळी पिढी फेकून द्यायची आणि नवा मुनवा आणायचा, असा नियम भिंतीवर चिकटवलेला आहे. कारण प्रत्येक फेऱ्यात एखादा कोंब वाट चुकतो आणि आपण त्या चुकलेल्याच्याही प्रती काढत बसतो.

आम्ही नियम कधी मोडला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते नियम पाळून झालं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या टेबलावर एका मुनव्याची पिढी सुरू होती. तिसऱ्या फेऱ्यात माझ्या लक्षात आलं की त्यातल्या एका बाटलीत कोंब जास्त फुटतात. बाकीच्या बाटल्यांत तीन-चार, तर हिच्यात सात-आठ. पुढच्या फेऱ्यात मी त्याच बाटलीतले तुकडे जास्त घेतले. कुणीही घेईल. आमच्याकडे फळ्यावर प्रत्येकीच्या नावापुढे महिन्याला किती कोंब झाले ते लिहितात आणि माझं नाव तीन महिने सगळ्यांत वर होतं. साहेब पाहुण्यांना माझ्या टेबलापाशी आणून दाखवायचे. "हाताला गुण आहे हिच्या," म्हणायचे. मीही ते खरं मानायला लागले होते.

सुशीलाताईंनी एकदा बाटली उजेडात धरली.

"लई पिलं घालून राहिली ही."

"चांगलंय की!"

"चांगलं हाय. पर जे पिलं घालण्यात गुंतलं ते वर कवा जाईल?"

मी हसले. कोंब वाढवणारं संप्रेरक आणि त्याचं प्रमाण यावर त्यांना एक छोटं व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या आपल्या टेबलाकडे गेल्या. त्या व्याख्यानाची मला आजही लाज वाटते.

रोपं मुळं धरून बाहेर आली, शेडनेटखाली पिशव्यांत लागली. त्या वर्षी जूनमध्ये मृगबागेसाठी अर्धापूरजवळचे काशिनाथकाका रोपं न्यायला स्वतः आले. सोबत त्यांची बायको, रुक्मिणकाकू. काकांच्या घरी अर्धापुरी केळी पिढ्यान् पिढ्या. मुनवे लावून बाग करणारा माणूस, बाटलीतलं रोप पहिल्यांदाच घेत होता. त्यामुळे गाडीत कुठली रोपं भरायची ते मजुरांवर न सोडता त्यांनी स्वतः निवडायला सुरुवात केली. वाफ्यावाफ्यातून फिरले. उंच, सडसडीत रोपाला हात लावायचे आणि सोडून द्यायचे. बुटकं, जाड बुंध्याचं, रुंद पानांचं रोप दिसलं की उचलायचे.

"हे बघा, कसं गुटगुटीत हाय! ते किडमिडं आमच्याच्यानं न्हाई जगायचं."

काकू म्हणाल्या, "जावाई निवडून राहिलात का रोप?"

"जावाई तुझ्या बापानं निवडला तसा न्हाई निवडत मी. नीट बघून घेतो."

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा वाकून त्यांना जाड जाड रोपं काढून दिली. माझ्याच बाटलीतली होती, मला अभिमान होता. काका दमले तेव्हा गाडीची उरलेली जागा मजुरांनी समोर येतील त्या रोपांनी भरली. त्यांच्या मागोमाग त्याच परिसरातल्या आणखी काही शेतकऱ्यांनी तशीच निवडून नेली.

जुलै उजाडला तेव्हा शेडनेटखाली मागे उरलेल्या रोपांकडे माझं लक्ष गेलं. काकांनी नाकारलेली किडमिडी रोपं झपाझप वाढली होती. त्यांच्यात चुकून राहिलेली आठ-दहा गुटगुटीत रोपं होती तेवढीच उभी होती. पानं वाढली, पण लांबीनं कमी आणि रुंदीनं जास्त, जवळजवळ एकमेकांवर रचल्यासारखी. मी पट्टी आणून मोजायला बसले. दोन्ही प्रकारच्या रोपांचं तिसरं पान, देठ सोडून टोकापर्यंत लांबी, मध्यावर रुंदी. वहीत दोन रकाने केले. पंधरा पानं मोजून झाल्यावर दोन रकाने इतके वेगळे दिसले की मी पहिल्यापासून पुन्हा मोजलं.

केळीच्या बाटल्यांच्या धंद्यात या प्रकाराला बुटकं रोप म्हणतात. ते मरत नाही, त्याला रोग नसतो. पण उंची धरत नाही. सात-आठ महिन्यांनी निसवायची, म्हणजे घड टाकायची वेळ आली की पानांचे देठ इतके दाटलेले असतात की घड बाहेर यायला घशातच अडकतो. आणि अशा बुटक्या कोंबांना बाटलीत पिलं जास्त फुटतात, हे मी नंतर एका लेखात वाचलं. म्हणजे मी तीन महिने फळ्यावर पहिली येत होते ती नेमकी चुकलेल्या कोंबांना पुढे ढकलून. आणि काकांनीही शेडनेटखाली तेच केलं. दोघांनीही गुबगुबीत लेकरू बघून हात पुढे केला.

पट्टीवर एकदम विश्वास ठेवायला मन तयार नव्हतं. एक चाचणी माझ्या हातात होती. झाडाला उंच करणारं एक वेगळं संप्रेरक असतं. सरळ रोपाला ते बाहेरून दिलं की ते ताणल्यासारखं लांब होतं. बुटकं रोप त्याला तितकी दाद देत नाही. त्या पिढीच्या काही बाटल्या शीतकपाटात ठेवलेल्या होत्या. दहा त्यातल्या घेतल्या, दहा सुशीलाताईंच्या टेबलावरच्या दुसऱ्या मुनव्याच्या. वीसही बाटल्यांत ते संप्रेरक सारखंच घातलं, नावं झाकून आकडे टाकले आणि एकाच फळीवर ठेवल्या. रोज कामाला आल्यावर पहिल्यांदा तिकडे जायचे. दुसऱ्या आठवड्यात काही बाटल्यांतले कोंब झाकणाकडे निघाले. तिसऱ्या आठवड्यात मी नावांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. ताईंच्या दहाच्या दहा झाकणाला टेकल्या होत्या. माझ्यातल्या दोन तेवढ्या वर गेल्या होत्या. आठ जागेवर.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला आनंद झाला. इतकं स्वच्छ उत्तर आमच्या कामात क्वचित मिळतं. मग काकांची बाग आठवली.

लागवडीला सव्वा महिना होऊन गेला होता. दोन महिन्यांच्या आत बुटकं उपटून नवं रोप लावलं तर ते बाकीच्या बागेबरोबर धावतं. नंतर लावलं तर शेजारच्या झाडांच्या सावलीत बसून राहतं. म्हणजे आमच्या हातात तीन आठवडे होते, फार तर.

साहेबांनी वही पाहिली, बाटल्या पाहिल्या. ते वाईट माणूस नाहीत. रोपं देताना लिहून दिलेल्या अटींत बुटक्या रोपांबद्दल एक कलम आहे, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. बाग निसवल्यावर तक्रार आली तर पाहणी करायची, असं त्यात म्हटलं होतं.

"सर, निसवल्यावर पाहणी करून काय करायचं? वर्ष गेलेलं असेल."

"हवामान असतं, पाणी असतं, खत असतं. सगळ्याचं खापर आपण आपल्यावर कशाला घ्यायचं?"

"बाटलीत हवामान कुठून आलं, सर?"

त्यांनी कलम पुन्हा घडी घालून खणात ठेवलं.

रविवारी मी अर्धापूरची बस धरली. काकांना बागेतच गाठलं. रांगेतून चालताना सांगायची गरजच नव्हती. सडसडीत रोपं गुडघ्याच्या वर गेली होती आणि मध्ये मध्ये काकांची लाडकी, हिरवीगार, रुंद पानांची रोपं जमिनीशी बसून होती. मी जे झालं ते सगळं सांगितलं. बाटली, फळा, माझं नाव, चाचणी. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एका आईची लेकरं म्हणालत्या ना तुमी?"

"हो."

"मंग असं कसं? खाण तशी माती न्हाई का?"

मी त्यांना जनुकांचं सांगायला लागले. प्रत्येक रोपात उंच व्हायची जनुकं आहेत, पण जनुक असणं आणि ते चालू असणं वेगळं. ते चालू व्हायला दोन-तीन निरोप एकदम लागतात, त्यातला एक नाही आला तरी ते गप्प.

"म्हंजे मोटार हाय, पर लाइट न्हाई," काकू विहिरीकडे बघत म्हणाल्या.

"तसंच. आणि तिन्ही फेज आल्याशिवाय मोटार चालत नाही, तसं."

"मंग लाइट आली की उचलंल की उंची," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढी आशा होती की मला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं.

"काका, नुसती लाइट गेली असेल तर येईलही कधी. पण मोटार जळाली असेल तर? विहिरीवर उभं राहून दोन्ही सारखंच दिसतं. माझ्याकडे ते ओळखायचं यंत्र नाही. मोठ्या प्रयोगशाळांनाही दर वेळी ओळखता येत नाही. कधी जनुकाची अक्षरंच बदललेली असतात. कधी अक्षरं जशीच्या तशी असतात, त्यांच्यावर नुसती झाकणं बसलेली असतात आणि तीही एका पेशीकडून दुसरीकडे तशीच जातात. मला एवढंच माहीत आहे, ही उंच झालेली कुणी पाहिलेली नाहीत."

काका एका रोपापाशी बसले. माती बाजूला केली, बुंध्याला हात लावला.

"किती निरोगी हाय बघा. ह्याला उपटू? माझ्या हातानं निवडून आनलंय मी."

"मीसुद्धा माझ्या हातानं निवडलं होतं."

"तुमचं काय, तुमी बाटलीत निवडलं. ह्याला रोज पानी मी घालतो."

काकू उठल्या, त्यांनी खुरपं घेतलं आणि पहिलं रोप मुळासकट काढून बांधावर ठेवलं. पांढरीशुभ्र, भरघोस मुळं. कुठे डाग नाही. "लाड पुरं करा आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "घड घशात अडकल्यावर रडत बसाल, त्यापरीस आत्ता रडा."

दुपारपर्यंत आम्ही तिघांनी सगळी रांग अन् रांग पालथी घातली. काका प्रत्येक रोपाला हात लावून मोजायचे, मग काकू काढायच्या. एका कोपऱ्यातलं एक रोप मात्र त्यांनी काढू दिलं नाही. "हे ऱ्हाऊ द्या. निसवताना काय होतंय ते मला बघायचंय." मला ते आवडलं. मलाही बघायचं होतं.

परत येताना बसमध्ये बाकीचे शेतकरी डोक्यात होते. त्यांची नावं रोपं नेण्याच्या नोंदीत होती, बारा गावांत पसरलेली. सगळ्यांकडे रविवार घेऊन जाता येणार नव्हतं.

माझे वडील, अण्णा, छापखान्यात खिळे जुळवायचे आणि फावल्या वेळात चळवळीची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसून कागदावर लिहिलं. पहिला मसुदा भलताच जोशात होता. एका आईची, एकाच रक्ताची लेकरं वेगळी वाढतात, तर माणसाच्या रक्तात त्याची लायकी शोधणाऱ्यांनी हे बघावं, असं बरंच काही त्यात होतं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं.

"हे केळीवरून सिद्ध होतं का?"

"केळीपुरतं होतं. माणसांपुरतं नाही."

"मग काढ. आपलं म्हणणं खरं आहे म्हणून त्याला खोटा टेकू द्यायचा नसतो. आणि हे वाचून शेतकऱ्यानं सकाळी उठून करायचं काय?"

मी सगळं खोडलं. नव्यानं लिहिलं. ही रोपं आमच्या चुकीनं बुटकी निघाली आहेत. अशी ओळखा. अमुक तारखेच्या आत उपटा. शेजारी पान कसं मोजायचं त्याचं चित्र काढलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद वाचून परत दिला. "ह्याच्यावर आपला शिक्का बसणार नाही."

"मग माझ्या नावानं पाठवते."

"तुम्ही इथं नोकरी करता, मॅडम."

"म्हणूनच पाठवायचंय, सर. रस्त्यावरच्या बाईच्या सांगण्यावरून कोण बाग उपटेल?"

मी खाली नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला. सुशीलाताई मागे उभ्या होत्या, हात अजून स्पिरिटनं ओले. त्यांनी पदराला हात पुसले, माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या नावाखाली सावकाश, शाळेत काढतात तशा अक्षरांत आपलं नाव लिहिलं.

"ताई, तुमची काय चूक? तुम्ही तर सांगितलं होतं."

"एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला पायजे हुतं."

साहेब खुर्चीतून उठून बाहेर गेले. त्यांनी आम्हाला काढलं नाही. मला मात्र चार महिने बाटल्या धुवायला बसवलं. प्रत्येक पिढीच्या काही कोंबांवर उंचीची चाचणी करायची असा नवा कागद भिंतीवर लागला तो त्यानंतर, आणि त्यावर सही साहेबांचीच होती. शेडनेटखालची किडमिडी रोपं त्यांनी त्या पावसाळ्यात ज्याला लागतील त्याला उचलू दिली, एका शब्दानं न विचारता. तो त्यांचा कबुलीजबाब असावा.

त्या दिवशी आम्ही कागदाचे फोटो काढून बारा गावांतल्या सगळ्या नंबरांवर पाठवले. दुपारभर काहीच आलं नाही. मग पहिला फोन आला. नाव न सांगता त्या माणसानं मला आणि माझ्या शिक्षणाला चार शिव्या घातल्या आणि ठेवून दिला. मी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बाटल्या धुवायला लागले.

थोड्या वेळानं तो पुन्हा वाजला. तोच नंबर. आता मागे वाऱ्याचा आवाज होता, पानं सळसळत होती. माणूस शेतात उभा होता.

"मॅडम, मी रोपापशी हाय. पट्टी न्हाई, दोरी हाय. लांबी देठ धरून मोजायची का देठ सोडून?"

"देठ सोडून," मी म्हणाले. "वरून तिसरं पान धरा. सापडलं का? आता पान जिथून सुरू होतं तिथं दोरीचं एक टोक लावा…"